नऊ मार्चपासून

खोलीला खिडकी नव्हती.
न्यायाधीशबाई पडद्यावर,
त्यांच्या मागे झेंडा, घडीच्या रेघा अजून न मोडलेला.

वजन किती उचलता? त्यांनी विचारलं.
दुधाचा मोठा कॅन, मी म्हटलं, दोन हातांनी. भरलेला असेल तर नाही.
सलग बसता किती वेळ?
पाद्रीबाबांचं प्रवचन संपेपर्यंत नाही.
हे त्यांनी लिहून घेतलं नाही.
मिनिटांत सांगा, म्हणाल्या.

एकोणीस वर्षं मी कॅटफिश सोलले,
इंडियनोलाच्या बाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये.
रबरी बुटांत बर्फाचं पाणी,
आणि पट्टा कुणासाठी थांबायचा नाही,
लघवीसाठीसुद्धा नाही.
मणका थांबला मग. आधी खालून दुसरा, नंतर त्याच्या वरचा.
डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि
हाडांमधल्या रिकाम्या जागेवर पेनाचं टोपण टेकवून म्हणाले,
इथली उशी गेली.

फोनवर नोकऱ्यांचा तज्ज्ञ होता.
चेहरा नाही, नुसता सर्दी झालेला आवाज.
समजा, बाई त्याला म्हणाल्या, एक बाई आहे.
नववी शिकलेली. वय सत्तेचाळीस.
बसून काम करू शकते, दहा पौंडांपर्यंत उचलते.

ती समजा-बाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.
पाठ ताठ. पर्समध्ये गोळ्या नाहीत.

तिच्यासाठी कामं आहेत, आवाज म्हणाला.
अक्रोड निवडणारी.
लाकडी खुंट्या तपासणारी.
पाकिटांवर हाताने पत्ते लिहिणारी.
देशभरात काही हजार जागा.
आमच्या काउंटीत किती, मला विचारायचं होतं,
आणि हाताने पत्ते लिहून कोण कुणाला काय पाठवतं हल्ली?
पण पेटवे वकिलांनी टेबलाखाली माझ्या बुटाला बूट लावला.

दहा मिनिटांची सुट्टी मागून त्यांनी मला
सोड्याच्या मशीनपाशी नेलं.
एक तक्ता असतो, व्हर्निटा.
त्यात वय बघतात, शिक्षण बघतात, आधीचं काम बघतात.
बसून काम, नववी पास, एकोणपन्नास: अपंग नाही.
बसून काम, नववी पास, पन्नास: अपंग.
मधे रेघ आहे. फक्त रेघ.
तू पन्नाशीची झालीस नऊ मार्चला.
आपण सांगू की तुझं अपंगत्व सुरू झालं नऊ मार्चला.
आधीची अडीच वर्षं सोडून द्यायची.
त्यांचे पैसे मिळणार नाहीत, पण बाकीचं
त्या बहुतेक आजच मान्य करतील.

ते चांगले गृहस्थ आहेत. टायवर मोहरीचा डाग होता.

नऊ मार्च मला चांगला आठवतो.
अर्नेस्टीनने कॅरॅमलचा केक आणला होता,
डिकीत एका बाजूला कललेला.
त्या दिवशी पाठ दुखलीच नाही. का, देव जाणे.
मी सगळ्या बशा उभ्याने धुतल्या,
भाच्याबरोबर अर्ध्या गाण्यावर नाचले,
आणि रात्री झोपले एकाच कुशीवर, सकाळपर्यंत.
अडीच वर्षांत तसा एकच दिवस.

आणि त्याआधीच्या नोव्हेंबरात,
संडासापर्यंत मी रांगत गेले तेव्हा,
दाराच्या चौकटीला दात लावून उठले तेव्हा,
कागदोपत्री मी धडधाकट होते.
अक्रोड निवडत होते कुठेतरी.

आत गेलो. पडदा पुन्हा उजळला.
तारीख बदलण्याला तुमची संमती आहे?
स्वतःच्या तोंडाने सांगा, बाई म्हणाल्या, रेकॉर्डिंग चालू आहे.
आहे, मी म्हटलं.
नऊ मार्चपासून.
शेजारच्या खुर्चीकडे मी बघितलं नाही.

परतताना अर्नेस्टीनने दोनदा गाडी थांबवली,
मला उभं राहता यावं म्हणून.
दुसऱ्यांदा तळ्यांपाशी.
पंखे पाणी उपसत होते,
खाली मासे वाढत होते, वजनाला येत होते.
काय म्हणाले गं? तिने विचारलं.
मी म्हटलं, केक चांगला झाला होता.
ती माझ्याकडे बघत राहिली,
आणि इंजिन तसंच चालू ठेवलं.